जुनी सियाझ घ्यावी का? समृद्धीवर मस्त, पांदणीवर पोट घासते. वाशिम जिल्ह्यातल्या घरासाठी पूर्ण हिशेब

वाशिम : सोयाबीन विकलं, तूर घरात आली की गावात एक विषय हमखास निघतो. "औंदा गाडी घ्यायची." ट्रॅक्टर नाही, चारचाकी. घरातली पोरं एसयूव्ही मागतात, आईबाबांना "बसायला ऐसपैस" पाहिजे असते आणि बजेट सात-आठ लाखांच्या पुढं सरकत नाही. मग कोणीतरी सांगतं, अकोल्याला एक मारुती सियाझ आहे, एकच मालक, चकाचक. नव्या छोट्या गाडीच्या पैशात मोठी गाडी!

हा सौदा खरंच चांगला असतो का? काही घरांसाठी एकदम चांगला, काही घरांसाठी डोक्याला ताप. फरक गाडीत कमी आणि तुमच्या घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जास्त आहे.

आधी गाडीची ओळख. मारुती सुझुकीनं एसएक्स-४ बंद करून ऑक्टोबर २०१४ मध्ये सियाझ आणली. सुरुवातीला १.४ लिटर पेट्रोल आणि १.३ लिटर डिझेल अशी दोन इंजिनं होती. ऑगस्ट २०१८ मध्ये चेहरा बदलला आणि १.५ लिटरचं, साधारण १०५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आलं. मार्च २०२० नंतर मारुतीनं डिझेलच सोडलं, त्यामुळं पुढच्या सगळ्या सियाझ पेट्रोलच्या आहेत. २०२५ मध्ये कंपनीनं गाडी बंद केली. शेवटी शेवटी नवीची शोरूम किंमत साधारण साडेनऊ ते सव्वाबारा लाख होती आणि महिन्याला हजारही विकल्या जात नव्हत्या. गाडी वाईट होती म्हणून असं झालं नाही. लोकांचं मन उंच गाड्यांकडं गेलं. लोक मागं लागलेले नाहीत म्हणून जुनी सियाझ तिच्या आकाराच्या मानानं स्वस्तात मिळते.

मागचं सीट हीच खरी कमाई

सियाझची लांबी ४४९० मिलिमीटर आहे, म्हणजे पावणेपंधरा फूट. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६५० मिलिमीटर. एवढं अंतर असल्यानं मागं बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढं भरपूर जागा उरते. उंच माणूस पुढं चालवत असला तरी मागं दुसरा उंच माणूस पाय मोकळे करून बसतो. चार मीटरच्या आतल्या बहुतेक गाड्यांत ही गोष्ट होत नाही, मग त्या बाहेरून कितीही दांडग्या दिसोत.

डिक्की ५१० लिटरची आहे. नव्या डिझायरची ३८२ लिटरची. लग्नाला पाच जणांच्या बॅगा, आहेराच्या पिशव्या आणि पोहरादेवीहून परत येताना घेतलेलं सामान, सगळं मावतं. पण डिक्की म्हणजे पेटी आहे हे लक्षात ठेवा. खोल आहे, लांब आहे, उंच नाही. ५० किलोचं पोतं आडवं जाईल, कूलर जाणार नाही. बियाणं-खतासाठी गाडी वापरायचा विचार असेल तर हा विचार सोडून दिलेला बरा. खताचा वास महिनाभर जात नाही, ते वेगळंच.

सस्पेन्शन मऊ आहे. वाशिमहून अकोल्याला दवाखान्यात न्यायचं, नागपूरला तपासणीला न्यायचं, तर म्हाताऱ्या माणसाला या गाडीत अंग दुखत नाही. मात्र एक बाजू कोणी सांगत नाही. सेडानचं सीट खाली असतं. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना आत बसताना खाली वाकावं लागतं आणि उठताना हाताला आधार लागतो. उंच गाडीत माणूस आडवा सरकून बसतो, सेडानमध्ये खाली टेकतो. तेव्हा गाडी पाहायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. दोनदा बसवा, दोनदा उठवा. पोरांना गाडी आवडली यावर सौदा करू नका.

समृद्धीवर काय होतं

जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव इथून समृद्धी महामार्गावर चढता येतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला. कारला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. आपल्या भागातल्या माणसाला सेडान घ्यावीशी वाटण्याचं खरं कारण हा रस्ता आहे.

अशा रस्त्यावर सेडानचा फायदा कळतो. गाडी जमिनीला धरून असते, बाजूच्या वाऱ्यानं कमी हलते, लेन बदलताना झुकत नाही. चार सिलिंडरचं इंजिन १०० च्या वेगाला आवाज करत नाही. कंपनीचा दावा मॅन्युअल पेट्रोलला लिटरला २०.६५ किलोमीटरचा आहे. तो दावा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात हायवेला १७ धरून चला, गावात फिरवली तर त्याहून कमी. १२० नं पळवली तर आणखी खाली येईल, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो.

खर्चाचा हिशेब करू. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १०० किलोमीटरला सुमारे ६२० रुपयांचं तेल. एप्रिल २०२५ पासून समृद्धीचा टोल कारला किलोमीटरमागं २ रुपये ६ पैसे, म्हणजे आणखी २०६. झाले सव्वाआठशे. पाच जण असतील तर माणशी १६५. एकटेच जाणार असाल तर एसटी बरी. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. कामासाठी रोज तालुक्याला एकट्यानं सियाझ नेणं म्हणजे पोतंभर गव्हासाठी ट्रक लावणं झालं.

आता सुरक्षेचं. इथं मात्र स्पष्ट बोलावं लागेल. सियाझमध्ये शेवटपर्यंत दोनच एअरबॅग होत्या, ड्रायव्हरला आणि शेजारच्याला. २०१८ च्या बदलानंतर दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलांत आलं. त्याआधीचं खालचं मॉडेल घेत असाल तर एअरबॅग आहेत का ते स्वतः पाहा. गाडी घसरताना सावरणारी ईएसपी यंत्रणा सगळ्या मॉडेलांत २०२३ मध्ये आली. आसियान एनकॅपनं २०१६ मध्ये तिकडच्या देशांतल्या सियाझला चार तारे दिले होते. पण आज नव्या डिझायरमध्ये सहा एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत. ह्युंदाई वेर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस यांनाही ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचण्यांत पाच तारे मिळाले. ज्या घराचं निम्मं फिरणं समृद्धीवर रात्रीचं आहे, त्यांनी हा मुद्दा किमतीच्या वर ठेवावा.

आणि कोणतीही गाडी असो, मागं बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा. बेल्ट न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि दोघांचा जीव धोक्यात येतो. कायद्यानं १००० रुपये दंड आहे, पण प्रश्न दंडाचा नाही. जुन्या गाड्यांत सीट कव्हर घालताना मागचे बेल्ट सीटखाली दडपून टाकलेले असतात. ते काढून, ओढून, लावून पाहा.

टायरही तिथंच वाचा. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसते म्हणून जुना टायर चांगला होत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आतून कडक होतं. हवा कमी आणि वजन जास्त असलेला टायर तापलेल्या काँक्रीटवर लांब पळवला की फुटतो. किती हवा भरायची हे ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पाच माणसांसाठी वेगळं.

शेवटचे दोन किलोमीटर

समृद्धी उतरलात, तालुक्याचा रस्ता झाला, फाट्यावर वळलात. सेडानची परीक्षा इथून पुढं सुरू होते.

सियाझचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर वर आहे, म्हणजे पावणेसात इंच. हे रिकाम्या गाडीचं माप. पाच माणसं आणि भरलेली डिक्की असली की मागची बाजू आणखी खाली बसते. एकट्यानं चालवून पाहिली तेव्हा कुठंच लागली नाही, आणि सासुरवाडीचे लोक बसवले की प्रत्येक ब्रेकरवर "खर्रर्र". हा अनुभव सेडानवाल्या बहुतेकांना आहे.

यात एक गंमत आहे. जी लांबी मागच्या सीटला जागा देते तीच इथं अडते. पुढचं चाक ब्रेकर उतरून गेलं, मागचं अजून चढलेलं नाही, तेव्हा मधलं पोट ब्रेकरच्या डोक्यावर येतं. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं पोट खाली. मारुती ब्रेझाचं हे अंतर २५०० मिलिमीटर आहे आणि ती जमिनीपासून सुमारे २०० मिलिमीटर उंच आहे, म्हणून ती सहज निघून जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट असावा. तसा असेल तर सियाझ बिनधास्त जाते. आपल्याकडं शाळेपुढं, वळणावर, अपघात झाला की दुसऱ्या दिवशी डांबराचा नाहीतर सिमेंटचा उंच अरुंद बांध टाकला जातो. अशा ठिकाणी तिरपी गाडी घातली तर थोडं वाचतं. समोरून गाडी येत असेल तर तिरपी घालता येत नाही.

पावसाळ्यात काळी माती. पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग उंच राहतो. सेडानची चाकं चाकोरीत गेली की पोट मधल्या वरवंडीवर बसतं. मग चाकं फिरतात, गाडी हलत नाही, आणि ज्यानं "एसयूव्ही घे" म्हटलं होतं त्याचाच ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरूम टाकलेला पक्का पांदण रस्ता असेल तर अडचण नाही. पण मुरूम कागदावर टाकलाय की रस्त्यावर, ते जुलैमध्ये पाहायचं.

नाल्याच्या पुलावरून पाणी जात असेल तर सेडान घालूच नका. अडाण, अरुणावती, काटेपूर्णा, पैनगंगा यांच्या काठच्या गावांना हे सांगायला नको, तरी सांगतो. पाणी इंजिनच्या हवेच्या नळीतून आत गेलं आणि गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही. मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पूर्ण इंजिन उघडावं लागतं. तशीच ढकलून बाहेर काढा, मेकॅनिकला बोलवा.

टायरचा एक बारीक मुद्दा इथं कामाचा आहे. खालच्या मॉडेलांना १५ इंची टायर आहेत (१८५/६५), वरच्या अल्फा मॉडेलला १६ इंची (१९५/५५). दिसायला १६ इंची देखणे. पण १५ इंची टायरच्या बाजूची रबराची उंची १२० मिलिमीटर आहे आणि १६ इंचीची १०७. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यावर ते १३ मिलिमीटर रबर तुमची रिम वाचवतं. गावात राहणाऱ्यानं १५ इंची गाडी घ्यावी, स्वस्तही पडते.

कोणतं इंजिन

२०१८ नंतरचं १.५ लिटर पेट्रोल मॅन्युअल, आमच्या मते सगळ्यात सुरक्षित निवड. हेच इंजिन एर्टिगा, एक्सएल-६ आणि ब्रेझातही होतं, त्यामुळं गाडी बंद झाली तरी इंजिनचे भाग आणि हात बसलेला मेकॅनिक दोन्ही मिळतात. बंपर, हेडलाइट, दरवाजा या गोष्टी मात्र फक्त सियाझच्या आहेत. धडक बसली तर भाग यायला वाट पाहावी लागू शकते. ऑटोमॅटिक आहे, पण चारच गिअरची, जुन्या पद्धतीची. ओव्हरटेकला सुस्त वाटते.

मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या काही पेट्रोल गाड्यांत मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी मारुतीनं सप्टेंबर २०२१ मध्ये एक लाख ८१ हजारांवर गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात सियाझही होती. तुम्ही पाहताय त्या गाडीचं हे काम झालं का, ते चेसिस नंबर देऊन मारुतीच्या वर्कशॉपमध्ये विचारा. तेवढं विचारलं की सर्व्हिसचा जुना इतिहासही कळतो, मीटर मागं फिरवलं असेल तर तिथंच उघडं पडतं.

वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या पुढं पळणाऱ्यांसाठी १.३ डिझेल अजून चांगलं. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगातलं तेच इंजिन. वाशिम-रिसोडचे मेकॅनिक डोळे झाकून उघडतात. पण ती गाडी आता निदान सहा वर्षांची आहे. १५ वर्षं झाली की पुन्हा नोंदणी करावी लागते, हे आत्ताच मोजा. १.५ लिटर डिझेल २०१९-२० मध्ये जेमतेम वर्षभर विकलं गेलं. चालायला झकास आहे, पण एवढ्या थोड्या गाड्यांचं इंजिन गावाकडच्या माणसानं घेऊ नये.

कंपनीनं सियाझला सीएनजी दिला नाही. बाहेरून किट बसवलेली गाडी असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद पाहिजे, नसेल तर विमा अडतो. आणि टाकी डिक्कीतच बसते, म्हणजे ज्यासाठी मोठी डिक्की घेतली तीच गेली.

पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं मायलेज थोडं घटतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या ई-२० धरून बनवलेल्या नाहीत. अशी गाडी घेतली तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसिंगला दरवेळी पाहून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. गोदामाजवळ उभी ठेवणाऱ्यांना दुसरा शत्रू उंदीर. तूर-सोयाबीनच्या पोत्यांसोबत येतो आणि बोनेटखाली वायर कुरतडतो.

हप्ता सोयाबीनमध्ये मोजा

सात लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता सुमारे १४,९०० रुपये. जुन्या गाडीला बँका व्याज जास्तच लावतात. तरी हाच आकडा धरू. वर्षाचे झाले एक लाख ७८ हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. म्हणजे हमीभावानं साडेतेहतीस क्विंटल सोयाबीन दरवर्षी फक्त हप्त्याला. आणि २०२५ च्या हंगामात बाजार समितीत हमीभाव मिळाला किती जणांना, हे वाचकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, कारच्या कर्जाला बहुतेक ठिकाणी दर महिन्याला द्यावा लागतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून दोनदा येतो, बँकेचा मेसेज बारा वेळा.

म्हणून घरात नोकरीचा किंवा दुकानाचा महिन्याचा पैसा येत नसेल तर कर्जाची रक्कम तीन लाखांच्या पुढं जाऊ देऊ नये असं आमचं मत आहे. जुनी गाडी घेण्यात फायदा इथंच आहे, की कमी कर्जात काम भागतं.

नवी घ्यायची ठरली तर कराचा फरक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. त्याच्या वरच्या गाडीला ४०. डिझायर १८ मध्ये बसते. वेर्ना, सिटी, स्लाव्हिया, व्हर्टस ४० मध्ये. पण डिझायरचं पोट १६३ मिलिमीटरवर आहे, सियाझपेक्षाही खाली. तेव्हा ज्यांचं घर खराब पांदणीच्या टोकाला आहे त्यांचा प्रश्न डिझायरनंही सुटत नाही. त्यांनी जुनी ब्रेझा शोधावी, मागचं सीट थोडं आखूड चालवून घ्यावं. ज्यांचं घर डांबरी रस्त्यावर आहे, म्हातारी माणसं सोबत असतात आणि महिन्याला दोन-तीन मोठे प्रवास आहेत, त्यांना याच पैशात सियाझइतकी जागा दुसरीकडं मिळणार नाही.

पैसे देण्याआधी

गाडी शोरूमच्या रस्त्यावर चालवून ठरवू नका. मालकाला सांगा, पाच माणसं बसवून आमच्या गावापर्यंत नेतो, तेल माझं. जो मालक नाही म्हणतो त्याची गाडी सोडा. परत येताना गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून टॉर्च मारा. इंजिनचा ऑइल चेंबर चेपलेला, सायलेन्सरवर ताजे ओरखडे, दरवाजाखालची पट्टी वाकलेली दिसली तर गाडी आधीच कुठल्यातरी पांदणीवर घासलेली आहे. कार्पेट उचलून माती आणि गंज पाहा. पुरात बुडालेली गाडी धुवून चमकवता येते, कार्पेटखालचा गाळ राहतो.

गाडी आपल्या एमएच-३७ ची असेल तर काम सोपं. दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्रासोबत फॉर्म ३५. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून थकलेले चलान पाहा, नाहीतर दुसऱ्याच्या वेगाचा दंड तुम्ही भराल. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात. आरसी आली की करू म्हणून बसलात आणि मध्येच गाडी ठोकली, तर आधीच्या मालकाच्या नावच्या पॉलिसीवर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.